किरणोपचारांना पुरून उरणारी गाठ
(वाचकांचे प्रश्न, तज्ज्ञांची उत्तरे)

मेंदूतील आक्रमक गाठी, विशेषतः ग्लायोब्लास्टोमा, आणि त्यांच्यावरील रेडिएशन याविषयी आलेल्या पत्रांपैकी सहा प्रश्न या वेळी घेतले आहेत. पत्रलेखकांची ओळख पटेल असा तपशील गाळला आहे.

प्रश्न : माझ्या यजमानांना ग्लायोब्लास्टोमा आहे. शस्त्रक्रियेनंतर सहा आठवडे रेडिएशन झाले, सोबत केमोच्या गोळ्याही होत्या. आठ महिन्यांनी त्याच जागी गाठ पुन्हा दिसू लागली. डॉक्टर म्हणाले, ‘ही गाठ रेडिओरेझिस्टंट असते.’ म्हणजे रेडिएशन फुकट गेले असे समजायचे का? की ते देताना काही चूक झाली?

उत्तर : तुम्ही लिहिलेल्या माहितीवरून दोन्ही प्रश्नांचे उत्तर ‘नाही’ असेच द्यावे लागेल, आणि ते केवळ तुमच्या समाधानासाठी देत नाही. ‘रेझिस्टंट’, म्हणजे प्रतिरोध करणारी, हा शब्द ऐकला, की किरण गाठीवर आदळून तसेच परत फिरले असावेत असे चित्र डोळ्यांसमोर उभे राहते. प्रत्यक्षात किरणांनी गाठीतील बहुसंख्य पेशी मारलेल्या असतात. पुढचा सगळा त्रास होतो तो उरलेल्या थोड्या पेशींमुळे.

तुमच्या यजमानांना बहुधा सर्वत्र प्रमाण मानला जाणारा डोस, म्हणजे रोज २ ग्रे (ग्रे हे रेडिएशनचा डोस मोजण्याचे एकक) याप्रमाणे ३० सिटिंगमध्ये एकूण ६० ग्रे, मिळाला असेल. थोडे गणित करून पाहू. शस्त्रक्रियेनंतर एक अब्ज पेशी मागे राहिल्या असे धरा. एका सिटिंगमध्ये निम्म्या पेशी मरत असतील, तर ३० सिटिंगनंतर त्या अब्जातील जेमतेम एक पेशी उरेल. पण पेशी जरा चिवट निघाल्या आणि दर वेळी शंभरातल्या सत्तर वाचल्या, तर तेवढ्याच सिटिंगनंतर सुमारे २२,५०० पेशी जिवंत राहतील. अब्जाच्या तुलनेत हा आकडा नगण्य आहे, कारण ९९.९९ टक्क्यांहून अधिक पेशी गेलेल्या असतात, आणि एमआरआयवर एवढ्याशा पेशी दिसतही नाहीत. मात्र गाठ पुन्हा उभी राहायला त्या पुरतात. हे गणित ढोबळ आहे, कारण सगळ्या पेशी सारख्या चिवट नसतात आणि दोन सिटिंगच्या मधल्या काळात काही पेशी वाढतही असतात. पण पुढील बहुतेक उत्तरांचे मूळ त्यातच असल्याने ते लक्षात ठेवावे.

रेडिएशन फुकट जात नाही, याचा पुरावा जुना आहे. १९७८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत शस्त्रक्रियेनंतर केवळ त्रास कमी करणारे, आधार देणारे उपचार मिळालेल्या रुग्णांचे मध्यक आयुर्मान सुमारे १४ आठवडे होते, तर रेडिएशन मिळालेल्यांचे सुमारे ३५ आठवडे. (मध्यक म्हणजे निम्मे रुग्ण त्याहून कमी आणि निम्मे त्याहून अधिक जगले.) पुढे २००५ साली रॉजर स्टुप आणि सहकाऱ्यांनी ५७३ रुग्णांवरील चाचणीत रेडिएशनला टेमोझोलोमाइडच्या गोळ्यांची जोड दिली, तेव्हा मध्यक आयुर्मान १२.१ महिन्यांवरून १४.६ महिन्यांवर गेले आणि दोन वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण १०.४ टक्क्यांवरून २६.५ टक्क्यांवर पोहोचले. तुमच्या यजमानांना मिळालेले उपचार त्याच चाचणीतून आलेले आहेत.

प्रश्न : मी भौतिकशास्त्र शिकवतो. ६० ग्रे पुरत नसतील, तर ७० किंवा ८० ग्रे देण्यात अडचण काय आहे? यंत्रे तर आता मिलिमीटरपर्यंत अचूक झाली आहेत.

उत्तर : हा विचार डॉक्टरांनाही सुचला आणि त्यांनी तो करूनही पाहिला. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश चाचणीत ४५ ग्रेऐवजी ६० ग्रे दिल्यावर मध्यक आयुर्मान सुमारे ९ महिन्यांवरून १२ महिन्यांवर गेले. म्हणजे तिथवर डोस वाढवण्याचा फायदा झाला. त्यानंतर मात्र पायरी चढूनही उंची वाढेना. मुख्य रेडिएशनच्या आधी गाठीवर एकाच वेळी मोठा, नेमका डोस देऊन पाहिला, अगदी अलीकडे ३० सिटिंगमध्ये ७५ ग्रेपर्यंत जाऊन पाहिले. आयुर्मान वाढल्याचे दिसले नाही.

याची कारणे दोन आहेत. पहिले कारण तुमच्या ‘मिलिमीटरपर्यंत अचूक’ या शब्दांतच दडलेले आहे. यंत्राचा नेम अचूक असला, तरी नेम कुठे धरायचा हे गाठच नीट सांगत नाही. ग्लायोब्लास्टोमाला कडा नसते. त्याच्या पेशी मेंदूतील पांढऱ्या तंतूंच्या वाटेने निरोगी भागात दूरवर शिरलेल्या असतात. म्हणून गाठीभोवतीचा सुमारे दोन सेंटिमीटरचा, दिसायला निरोगी असलेला पट्टाही किरणांच्या क्षेत्रात घ्यावा लागतो. पुन्हा उद्भवणाऱ्या बहुतेक गाठी मूळ जागेपासून दोन सेंटिमीटरच्या आतच येतात. डोस वाढवला, की त्या पट्ट्यातील चांगल्या मेंदूचाही डोस वाढतो. दोन्ही डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना छेदतात, तिथे साधारण ५४-५५ ग्रेच्या पुढे जाताना हात आखडता घ्यावा लागतो. इतरत्रही ७२ ग्रेच्या आसपास सुमारे ५ टक्के रुग्णांमध्ये निरोगी मेंदूची ऊती मरू लागते.

दुसरे कारण आकड्यांत पाहा. चिवट पेशींच्या त्याच उदाहरणात पाच सिटिंग वाढवून ७० ग्रे दिले, तर २२,५०० ऐवजी सुमारे ३,८०० पेशी उरतात. त्याऐवजी डोस ६० ग्रेच ठेवला आणि काही उपायाने दर सिटिंगमध्ये वाचणाऱ्या पेशी शंभरात सत्तरऐवजी साठ केल्या, तर उरतात सुमारे २२०. एका सिटिंगमधला फरक किरकोळ वाटतो, पण तो तीस वेळा गुणला जातो. म्हणूनच किरण वाढवण्यापेक्षा पेशीचा चिवटपणा थोडासा जरी कमी करता आला तरी अधिक साधेल, असे माझे मत आहे. अट एवढीच, की तो गाठीतल्या पेशींचाच कमी व्हावा, शेजारच्या चेतापेशींचा नव्हे. सगळी अडचण या अटीत आहे.

प्रश्न : मी जीवशास्त्राची विद्यार्थिनी आहे. हा चिवटपणा पेशीत नेमका कुठून येतो?

उत्तर : त्याचा एकच उगम असता, तर एव्हाना तो बंद करता आला असता.

सुरुवात दुरुस्तीपासून करू. २ ग्रेच्या एका सिटिंगमध्ये प्रत्येक पेशीच्या डीएनएचे दोन्ही धागे एकाच ठिकाणी तुटण्याच्या घटना साधारण ४० ते ८० इतक्या घडतात. पेशीला ठार करणारी जखम हीच. पण दुसऱ्या दिवशी त्याच वेळी रुग्ण पुन्हा यंत्राखाली झोपेपर्यंत यातील बहुतेक तुटी सांधल्या गेलेल्या असतात. खरे तर दोन सिटिंगमधला हा अवकाश निरोगी मेंदूला सावरता यावे म्हणून मुद्दाम ठेवलेला असतो. गाठही त्याचा लाभ उठवते. ड्यूक विद्यापीठातील जेरेमी रिच यांच्या गटाने २००६ साली दाखवले, की ग्लायोब्लास्टोमातील मूळपेशींसारख्या वागणाऱ्या पेशी डीएनएची जखम होताच विभाजन थांबवून दुरुस्ती करणारी यंत्रणा इतर पेशींपेक्षा अधिक तत्परतेने चालू करतात. रेडिएशननंतर गाठीतील अशा पेशींचे प्रमाण वाढते. एका परीने आपण गाठीतून नाजूक पेशी वेचून काढतो आणि वाण टणक करतो.

दुसरी गोष्ट प्राणवायूची, आणि ती पॅथॉलॉजिस्टच्या सूक्ष्मदर्शकाखाली अक्षरशः पाहता येते. ग्लायोब्लास्टोमाच्या काचपट्टीवर मध्ये मेलेल्या ऊतीचा फिकट गुलाबी, वेडावाकडा डाग असतो आणि त्याच्या कडेने गडद जांभळ्या पेशी कुंपणाच्या खुंटांसारख्या दाटीवाटीने उभ्या असतात. या पेशी प्राणवायू संपलेल्या भागातून बाहेर सरकत असाव्यात, असा त्याचा अर्थ लावला जातो. किरणांनी डीएनएवर केलेली जखम पक्की होण्यासाठी तिथे प्राणवायू असावा लागतो. तो नसेल, तर तेवढाच परिणाम साधायला अडीच ते तीनपट डोस लागतो. हे ज्यांच्या कामातून स्पष्ट झाले त्यांत लुई हॅरल्ड ग्रे हे एक प्रमुख नाव आहे; आज रेडिएशनचा डोस मोजण्याचे एकक त्यांच्याच नावाने ओळखले जाते.

तिसरी गोष्ट मला व्यक्तिशः सर्वांत चकित करणारी वाटते. हायडेलबर्ग येथील संशोधकांनी उंदरांच्या कवटीत बारीक काचेची खिडकी बसवून तीच गाठ कित्येक आठवडे जिवंत अवस्थेत पाहिली आणि २०१५ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. गाठीतील पेशी लांब, अतिशय बारीक नळ्यांनी एकमेकींशी जोडलेल्या होत्या आणि त्या नळ्यांतून कॅल्शियमच्या लहरी एका पेशीतून दुसरीकडे जात होत्या. रेडिएशन दिल्यावर एकट्या पडलेल्या पेशी मोठ्या प्रमाणात मेल्या; जाळ्यातल्या मात्र तगल्या, बहुधा एकीवर आलेला ताण अनेकींत वाटला गेल्यामुळे. ऑलिगोडेंड्रोग्लायोमा नावाच्या, रेडिएशन आणि केमोला चांगला प्रतिसाद देणाऱ्या गाठीत अशा नळ्या फारशा सापडत नाहीत. प्रतिरोध हा एकेका पेशीचा स्वभाव आहे असे समजून ताटलीत सुट्या पेशी वाढवून त्यांच्यावर औषधे तपासण्याची आपली पद्धत किती अपुरी आहे, हे मला या प्रयोगामुळे पहिल्यांदा पटले.

याशिवाय पेशीचे पोषणही यात येते. मिशिगन विद्यापीठातील संशोधनात असे दिसले, की प्युरिन, म्हणजे डीएनएच्या बांधणीला लागणारी द्रव्ये, मुबलक बनवणाऱ्या ग्लायोब्लास्टोमाच्या पेशी किरणांनी झालेली मोडतोड लवकर भरून काढतात. हा पुरवठा तोडण्यासाठी तिथे मायकोफेनोलेट हे औषध निवडले गेले. मूत्रपिंडाचे प्रत्यारोपण झालेल्या रुग्णांना ते अनेक वर्षांपासून दिले जाते. रेडिएशनसोबत ते माणसांना देण्याच्या चाचण्या सुरुवातीच्या टप्प्यात आहेत.

प्रश्न : प्राणवायू कमी असल्याने किरणांचा परिणाम घटतो, असे वाचले. मग रेडिएशनच्या काळात आईला सिलिंडरने प्राणवायू द्यावा का? आणि अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या चालू ठेवाव्यात का?

उत्तर : सिलिंडरने फायदा होणार नाही. आईंची फुप्फुसे ठीक असतील, तर त्यांच्या रक्तातील हिमोग्लोबिन साध्या हवेतच प्राणवायूने जवळजवळ भरलेले असते. उणीव फुप्फुसांत नसून गाठीच्या आतल्या वेड्यावाकड्या, गळक्या रक्तवाहिन्यांत असते. रक्तवाहिनीपासून साधारण दीडशे मायक्रोमीटरपलीकडे प्राणवायू पोहोचतच नाही, आणि वाटेतल्या पेशी तो आधीच वापरून टाकतात. प्राणवायूची जागा घेईल असे औषध देण्याचा मार्गही आजमावून झाला. मिसोनिडाझोल हे त्यातले गाजलेले नाव. १९७०-८०च्या दशकांत त्याच्यावर मोठी भिस्त होती. हातापायांच्या नसांना इजा होऊ लागल्याने पुरेसा डोस देता आला नाही आणि मेंदूच्या गाठींच्या चाचण्यांत रुग्णांचे आयुष्यही वाढले नाही.

अँटिऑक्सिडंटच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्या रेडिएशन संपेपर्यंत बंद ठेवाव्यात असेच मी सांगेन, कारण किरणांचे बरेचसे काम ज्या मुक्त कणांमार्फत चालते, त्यांनाच निष्प्रभ करण्यासाठी त्या गोळ्या असतात. रोजच्या जेवणातील फळे-भाज्यांना ही सूचना लागू नाही. आई घेत असलेल्या सगळ्या गोळ्यांची यादी, दुकानातून आपणहून आणलेल्यांसह, त्यांच्या ऑन्कॉलॉजिस्टना दाखवा.

प्रश्न : प्रतिरोधावर मात करणारे उपचार सापडल्याच्या बातम्या दर महिन्याला येतात. त्यांतले खरोखर काही रुग्णापर्यंत येणार आहे का?

उत्तर : बातम्यांविषयी तुमचा सूर वैतागलेला आहे आणि तो रास्त आहे. यातील बहुतेक बातम्या ताटलीतल्या पेशींच्या किंवा उंदरांच्या असतात, आणि मेंदूपर्यंत न पोहोचणारे औषध ताटलीत हमखास यशस्वी होते. रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये रक्तवाहिन्यांच्या अस्तराचा जो घट्ट पडदा असतो, तो अनेक औषधांना अडवतो. गाठीच्या मध्यभागी हा पडदा फाटलेला असल्याने तिथे औषध सापडतेही. पण पुन्हा वाढणाऱ्या पेशी तर कडेच्या निरोगी दिसणाऱ्या पट्ट्यात, शाबूत पडद्यामागे असतात.

म्हणूनच दुरुस्ती रोखणाऱ्या नव्या औषधांपैकी पडदा ओलांडता यावा अशाच बेताने घडवलेल्या औषधांकडे माझे लक्ष आहे. एटीएम हे प्रथिन डीएनएची तूट ओळखून धोक्याची घंटा वाजवते. ते बंद पाडणारे एझेडडी१३९० हे औषध अशा प्रकारचे आहे आणि रेडिएशनसोबत त्याच्या प्राथमिक चाचण्या चालू आहेत. निरोगी मेंदूतील बहुतेक पेशी क्वचितच विभाजित होतात, त्यामुळे अर्धवट दुरुस्त डीएनए घेऊन विभाजनाला सामोरे जाण्याची पाळी मुख्यतः गाठीवर येईल, असा यामागचा हिशेब आहे. दुरुस्तीच्या दुसऱ्या एका वाटेवरचे पार्प हे विकर रोखणारी औषधेही तपासली जात आहेत. हिशेब पटण्यासारखा आहे. पण चेतासंस्थेवर रेडिएशनचे दुष्परिणाम अनेकदा वर्षभराने दिसतात, त्यामुळे निकालाची घाई करून चालणार नाही.

दुरुस्ती रोखण्याचे एक उदाहरण मात्र आजच हाताशी आहे. टेमोझोलोमाइडने डीएनएवर केलेली जखम एमजीएमटी हे विकर पुसून टाकते. ज्या गाठीत या विकराचे जनुक मिथायलेशनमुळे, म्हणजे डीएनएवर बसलेल्या रासायनिक खुणांमुळे, मिटलेले (बंद) असते, त्यांत औषध चांगले चालते: २००५च्या त्याच चाचणीत रेडिएशन आणि गोळ्या दोन्ही मिळालेल्यांपैकी जनुक मिटलेल्यांचे मध्यक आयुर्मान २१.७ महिने, तर उघडे असलेल्यांचे १२.७ महिने होते. बायॉप्सीच्या नमुन्यावर ही तपासणी झाली आहे का, हे जरूर विचारा.

दुसरी वाट किरणांचा प्रकारच बदलण्याची आहे. बोरॉन न्यूट्रॉन उपचारात बोरॉन असलेले द्रव्य गाठीच्या पेशींत साठू देतात आणि मग मंद न्यूट्रॉनचा झोत सोडतात. बोरॉनचे केंद्रक फुटून निघालेले जड कण जेमतेम एका पेशीच्या रुंदीइतके अंतर जातात आणि त्या अंतरात अशी मोडतोड करतात, की प्राणवायूची उणीव किंवा दुरुस्तीची तत्परता यांचा फारसा पाड लागत नाही. ही कल्पना १९३६ सालची आहे. १९५०च्या दशकातील पहिल्या चाचण्या निराशाजनक ठरल्या, कारण बोरॉन गाठीपेक्षा रक्तातच अधिक राहत होते. जपानने २०२० साली या पद्धतीला डोके व मान यांच्या काही कर्करोगांसाठी मान्यता दिली. मेंदूच्या गाठींवर काम चालू आहे.

इम्युनोथेरपीविषयी, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीलाच गाठीविरुद्ध कामाला लावणाऱ्या उपचारांविषयी, मला फार आशा होती, ती सध्या तरी आवरती घ्यावी लागते. त्यातले निव्होलुमॅब हे औषध रेडिएशनसोबत देण्याच्या दोन मोठ्या चाचण्यांत आयुर्मान वाढले नाही. नव्या रक्तवाहिन्या रोखणाऱ्या बेव्हासिझुमॅबचेही सुरुवातीच्या उपचारांत तेच झाले. सूज उतरवण्यासाठी ते आजही उपयोगी पडते, ही गोष्ट वेगळी. याउलट, ज्याच्याकडे मी सुरुवातीला संशयाने पाहत होतो त्या विद्युतक्षेत्राच्या उपचाराने, म्हणजे डोक्यावर चिकटपट्ट्या लावून दिवसातील १८ तास वागवायच्या यंत्राने, ६९५ रुग्णांच्या चाचणीत मध्यक आयुर्मान १६ महिन्यांवरून २०.९ महिन्यांवर नेले. ते यंत्र रेडिएशन संपल्यावर लावले होते; रेडिएशनच्या काळातच लावल्यास पेशींची दुरुस्ती मंदावते का, हा पुढचा प्रश्न आहे.

प्रश्न : रेडिएशन संपून सहा आठवडे झाले आणि भावाच्या एमआरआयमध्ये गाठ आधीपेक्षा मोठी दिसते आहे. डॉक्टर ‘दोन महिने थांबून पाहू’ म्हणतात. हा वेळ वाया तर जात नाही ना? आणि पुन्हा रेडिएशन देता येते का?

उत्तर : थांबण्याचा सल्ला बहुधा योग्य आहे. रेडिएशननंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत मरणाऱ्या पेशींभोवती दाह होतो, रक्तवाहिन्या गळतात आणि एमआरआयसाठी टोचलेले औषध तिथे साठून डाग मोठा दिसतो. याला आभासी वाढ म्हणतात, आणि एमजीएमटीचे जनुक मिटलेल्या गाठींत, म्हणजे ज्यांच्यावर उपचार चांगले लागू पडतात त्यांच्यातच, ती अधिक आढळते. एकाच फिल्मवरून ती खऱ्या वाढीपासून वेगळी काढणे कठीण असते. रक्तप्रवाह मोजणारा एमआरआय मदत करतो, पण अनेकदा पुढची फिल्मच निर्णय देते. या दरम्यान भावाला नवी अशक्तता, बोलण्यात अडखळणे, आकडी किंवा वाढती डोकेदुखी जाणवली, तर दोन महिन्यांची मुदत न पाळता लगेच दाखवावे. स्टेरॉइडची मात्रा बदलली असल्यास तिची नोंद तारखेनिशी ठेवा, कारण त्या औषधाने डाग लहान दिसतो आणि ते अचानक कमी केल्यास मोठा दिसतो. फिल्म वाचणाऱ्याला हे माहीत असणे आवश्यक आहे.

खरी वाढ ठरली, तर निवडक रुग्णांना पुन्हा रेडिएशन देता येते. पहिल्या उपचारानंतर निदान सहा महिने गेलेले असावेत आणि गाठ फार पसरलेली नसावी, याकडे पाहिले जाते. एका अमेरिकी चाचणीत १० सिटिंगमध्ये ३५ ग्रे बेव्हासिझुमॅबसोबत दिले, तेव्हा सहा महिन्यांपर्यंत गाठ आटोक्यात राहणाऱ्यांचे प्रमाण केवळ औषध मिळालेल्यांतील २९ टक्क्यांवरून ५४ टक्क्यांवर गेले. एकूण आयुर्मानात मात्र फरक पडला नाही. या दोन आकड्यांपैकी भावाच्या दृष्टीने कोणत्याला किती वजन द्यायचे, हे त्याच्याशी बोलूनच ठरवा, आणि ते बोलणे त्याला नीट बोलता येत आहे तोवर व्हावे.